डाव्या खांद्याचं फूल

३ नोव्हेंबर

पोरीला नोकरी लागली, चैत्राला. बीदरला! मुलींची सरकारी निवासी शाळा, राहणंही तिथंच. आणि हे मला कधी सांगितलं, तर पानात ताकातली तंबळी वाढताना. "अप्पय्या, अजून भात घालू? आणि हो, बीदरचं आलंय. महिनाअखेरीला हजर व्हायचंय." जणू बीदर म्हणजे आमच्या ओढ्यापलीकडची वाडी. इथून निघालं तर मुलखाचं दुसरं टोक.

मी म्हटलं, तिकडे भाकरी खातात.

"मग मीही खाईन."

ताक फार आंबट झालंय, हेही मी सांगून घेतलं. ताक बरं होतं.

४ नोव्हेंबर

सुपारी सोलायला बायका आल्यात. ओसरीवर सकाळपासून विळ्यांची खसखस. चैत्राची बातमी त्यांना माझ्या आधीच ठाऊक! गंगम्मा म्हणाली, "भट्रे, पोरीनं आईचं हगणं-मुतणं काढलं, ती गेल्यावर तुमची चूल सांभाळली. आता तिला जाऊ द्या की." मी म्हटलं, तू सुपारीकडं बघ, गप्पा नकोत.

यमुना असती तर तिनं मला बरोबर समजावलं असतं, असं मनात आलं. पण यमुना धडधाकट असती तर पोर केव्हाच शिकवायला कुठंतरी गेली असती. आईच्या अंथरुणापाशी बसली म्हणून इथं आहे. एवढं मलाही कळतं. कळून उपयोग काय?

५ नोव्हेंबर

घर फार मोठं बांधलंय वाडवडिलांनी.

६ नोव्हेंबर

चैत्रा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. शाळेला कळवलेलं नाही. बॅगही काढलेली नाही. मी येता-जाता तिच्या खोलीत डोकावतो, बॅग माळ्यावरच आहे ना ते बघायला. शेवटी मीच म्हटलं, आपल्या देवळातल्या बनदुर्गीला विचारू. फूल लावून कौल घेऊ.

"मीही तेच म्हणणार होते, अप्पय्या."

बरं वाटलं. मला काय, चालढकल हवी होती. देवीचं नाव घेऊन केली.

९ नोव्हेंबर

जे केलं ते सरळ लिहून टाकतो. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

सकाळी नैवेद्य झाला. चैत्रा न्हाऊन, ओल्या केसांनी गाभाऱ्यासमोर उभी राहिली. विचारणाऱ्यानं हात जोडून मनातल्या मनात विचारायचं. पुजाऱ्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं शेवंतीचं फूल चिकटवायचं आणि मंत्र म्हणत मागं सरायचं. पाण्याशिवाय फुलाला काही लावायचं नाही. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नको. अख्खा तालुका या दोन फुलांवर चालतो. विहिरी, सोयरिकी, कोर्टकज्जे. वडिलांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लावलंस की हात मागं घे. पुढचं तुझं काम नाही." आजवर मी हात मागं घेत आलो. मला त्याचा गर्व होता. इतर देवळांतल्या पुजाऱ्यांना नावं ठेवायचो!

आज मी उजव्या फुलाखाली गंध लावलं. अंगठ्यानं दाबून लावलं. डावं नुसतं टेकवलं.

ठरवून आत गेलो नव्हतो, असं आत्ता लिहिणार होतो. पण वाटीतलं गंध एरवीपेक्षा दाट होतं. ते कुणी उगाळलं? मीच ना. मग ठरवलं नव्हतं कसं!

मंत्र अर्धाही झाला नव्हता. डावं फूल पडलं. चैत्रानं डोळे उघडले, खाली बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. मग पुढं होऊन नमस्कार केला, पडलेलं फूल उचलून पदरात घेतलं. म्हणाली, "देवीची मर्जी." मीही म्हटलं, "मर्जी." त्या गाभाऱ्यात उभं राहून, माझ्या तोंडानं!

कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय. उजवं फूल दुपारपर्यंत देवीच्या खांद्यावर तसंच होतं. पडेना. शेवटी दार लावून नखानं खरवडून काढलं.

१० नोव्हेंबर

तिचे डोळे सुजलेत. दोसे केले होते, नेहमीपेक्षा जास्त वाढले. मी खाल्ले. घशाखाली उतरले, हीच लाजेची गोष्ट.

आता बहिणींची फेरी करायची. देवीनं उत्तर दिलं की तिच्या तिघी बहिणींना जाऊन नमस्कार करून यायचा. एक धबधब्यापाशी, एक किल्ल्यावर, एक तळ्याकाठच्या जुन्या देवळात. तिघी होईपर्यंत मनात काय विचारलं ते तोंडातून काढायचं नाही. लहानपणापासून ही रीत मला नुसती तंगडतोड वाटायची. या खेपेस फार सोयीची वाटली. तिनं बोलायचं नाही, म्हणजे मलाही बोलायला नको.

चैत्रा म्हणाली, "फेरी नीट करू या, अप्पय्या. उगीच धावपळ नको. शाळेला मग कळवते."

नकारच कळवायचाय. त्याला काय घाई.

१२ नोव्हेंबर

बेंगळुरूची बस आली. ही माणसं सकाळी धबधबा, दुपारी किल्ला आणि मधल्या वेळात देव, अशी येतात. देवीकडं पाठ करून फोन धरतात, म्हणजे आपण आणि देवी दोघंही फोटोत. एरवी मी दोन शब्द सुनावतो. आज सुनावले नाहीत. मी कोण सुनावणारा?

एक बाई मागं राहिली. हळूच म्हणाली, "इथं फूल लावतात ना? मला एक विचारायचं होतं."

मी म्हटलं, "आज देवी प्रश्न घेत नाही."

"का हो?"

"तशी रीत आहे."

अशी काही रीत नाही. बाईनं वादही घातला नाही. "आमचं पुन्हा कुठलं येणं होतंय," एवढंच म्हणाली आणि देवीकडं पाठ होऊ नये म्हणून मागं मागं चालत दारापर्यंत गेली. तिला कसली काळजी होती कुणास ठाऊक. पण माझा हात त्या खांद्यांपर्यंत जाईना. फुलं ताटात सुकून गेली.

१४ नोव्हेंबर

पहिली बहीण झाली.

हुसेनसाबची जीप घेतली. शाळेत एका बाकावर बसायचो, तेव्हापासून तो मला छळतो. आजही जीपमध्ये पाय ठेवतोय तोच, "काय भट्रे, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड? देवीनं नोकरीवरून काढलं का?" चैत्रा हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

धबधब्याच्या पायऱ्या शेवाळानं हिरव्या झाल्यात, आणि जळवा! शिमोग्याची काही पोरं-पोरी आली होती. एकेक जळू निघाली की सगळी मिळून किंचाळायची. चैत्रानं त्यांच्या पायांना चुना-तंबाखू लावून दिला. खाली पाण्याच्या तुषारांत ती बहीण बसलेली. उघडा दगड, वर छप्पर नाही. तिला कुंकू लावलं की हात काढेपर्यंत वाहून जातं. हिच्या खांद्यावर गंधसुद्धा टिकलं नसतं, असा विचार डोक्यात आला आणि माझी मान खाली गेली. नमस्कार करतोय असंच सगळ्यांना वाटलं असेल.

चैत्रा पाण्यात पाय सोडून बसली, उठेच ना. मग फोन काढून फोटो घ्यायला लागली. पाण्याचा, त्या दगडाचा, जीपचासुद्धा. ही कधी फोटो काढत नाही! "अप्पय्या, इकडे बघा." मला बघवेना. "अहो, बघा की. फोटोच काढतेय, दंड नाही करत." बघितलं. तो फोटो तिनं मला दाखवला. चोर दिसतोय मी त्यात.

ती खाली होती तेव्हा हुसेनसाब माझ्याजवळ खडकावर येऊन बसला. बिडी पेटवली आणि बायकोची गोष्ट काढली. म्हणाला, "सलमाच्या पोटाचं ऑपरेशन आठवतं? तिचे भाऊ सगळे म्हणत होते, नको, टेबलावरच मरेल. मी मशिदीत दुआ मागितली आणि तुझ्याकडं येऊन फूल लावलं. उजवं पडलं. तसाच उठलो आणि मंगळूरला घेऊन गेलो. आज रोज भांडते माझ्याशी. तुझ्या हाताला बरकत आहे, भट्रे."

मी हात पंच्याखाली घेतला. म्हटलं, "हुसेन, मला तुला एक—"

"काय? जळू लागली?"

म्हटलं, "हो."

त्यानं खाली वाकून माझे दोन्ही पाय तपासले. जळू नव्हती. "म्हातारपणी भास व्हायला लागले तुला," म्हणाला.

१५ नोव्हेंबर

चोराच्या मनात चांदणं. गंगम्मा अंगण झाडता झाडता सहज म्हणाली, "चंदनाचं खोड पार झिजलं की हो." माझ्या हातातली पेज सांडली.

१७ नोव्हेंबर

किल्ला. माझे गुडघे आणि तो चढ! भाताच्या खाचरांतून वाट, मग एका दरवाजातून दुसऱ्या दरवाजात नुसतं चढतच राहायचं. हुसेनसाब खाली जीपमध्ये झोपतो म्हणाला होता, मग "भट चढतो तर मी काय मेलोय?" म्हणून तोही आला. प्रत्येक दरवाजात बसून आम्ही दोघे धापा टाकायचो, चैत्रा वर उभी राहून आमची वाट बघायची.

वर कोल्हापूरकडचं एक जोडपं भेटलं. राजवाडा कुठला विचारत होते. राजवाडा म्हणजे काय, जोती आणि गवत. पण चैत्रानं त्यांना त्या जोत्यांवरून असं फिरवलं की मलाही भिंती दिसायला लागल्या. मोडकंतोडकं हिंदी बोलत होती. मग इथल्या राणी चेन्नम्माचं सांगितलं. शिवाजी महाराजांचा मुलगा राजाराम जिंजीकडं निघाला होता, पाठीवर बादशहाची फौज. राणीनं त्याला आपल्या मुलखात आसरा दिला. फौज आता आपल्या दारात येणार हे माहीत असून दिला. त्या कोल्हापूरच्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी चैत्राचा हात धरला आणि सोडेचनात.

मी तिला शिकवताना कधी बघितलंच नव्हतं. केवढी बोलते ती हातांनी! घरात ते हात नुसते वाढतात.

जोडपं गेल्यावर हुसेनसाब म्हणाला, "काय गं पोरी, एवढा मोठा निर्णय घ्यायच्या आधी राणीनं फूल लावलं होतं का?"

"लावलं असतं तर भटांनी नको सांगितलं असतं, हुसेनमामा."

दोघंही पोट धरून हसले. मीही हसलो. पण हसता हसता तिच्याकडं बघत होतो. हिला कळलंय का? तिनं गंधाची वाटी बघितली होती का? तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. म्हणजे मला सांगावं लागलं नसतं.

किल्ल्यावरच्या बहिणीपुढं उभा राहिलो. तिला सांगणार होतो की तुझ्या थोरल्या बहिणीच्या अंगाला हात लावून मी खोटं वदवून घेतलं. नाही सांगितलं. स्तोत्र म्हणून वेळ मारून नेली. स्तोत्रं पाठ असण्याचा हा एक फायदा.

उतरताना हुसेनसाब पुढं गेला तेव्हा मी चैत्राला विचारलं, "तुला शिकवायला आवडतं?"

"आवडतं."

"मग आता वाईट वाटत असेल."

ती थांबली. माझ्या हातातली काठी उगीच नीट करून दिली. "फेरी झाल्यावर बोलू, अप्पय्या. आत्ता बोलले तर रडेन."

पुढची सगळी उतरण मी तिच्या टाचांकडं बघत उतरलो.

१८ नोव्हेंबर

माझे गुडघे सुजलेत. ती तेल गरम करून चोळायला बसली. मी पाय ओढून घेतला. म्हटलं, राहू दे, तू कशाला हात लावतेस पायाला. तिला वाटलं, मी रागावलो.

२१ नोव्हेंबर

हे मी का केलं? पोरीच्या काळजीपोटी, असं कुणी विचारलं तर सांगेन. एकटी मुलगी, परका मुलूख, तिकडचं ऊन. सगळं तयार आहे तोंडात. पण इथं कशाला खोटं लिहू?

मला एकट्यानं जेवायची भीती वाटते. एवढंच आहे. साठी उलटलेला मी बाप्या! पान मांडलं, समोर कुणी नाही आणि मी भात कालवतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. यमुना गेल्यानंतर चैत्रानं मला एक दिवसही एकट्याला जेवू दिलं नाही. ताप असला तरी समोर येऊन बसायची. त्याची ही परतफेड केली मी. तिला आवडतं ते काम, ती आपल्या पायांवर उभी राहणार होती ती जागा, सगळं एका बोटभर गंधात चिकटवून टाकलं. आणि वर देवीला साक्षीला घेतलं. तिनं माझ्यावर नाही, देवीवर विश्वास ठेवला. मी त्या विश्वासाच्या आड लपलो.

परवा तळ्याकाठच्या बहिणीकडं जायचंय. तिथं सांगणार. सगळं. गंधाचं, नखानं फूल खरवडल्याचं, सगळं. शाळेत हजर व्हायला अजून दिवस आहेत, निघाली तर पोचेल. तिनं तोंड फिरवलं तर फिरवू दे. गावाला कळलं तर देवळाची किल्ली काढून घेतील. घेऊ देत. ती किल्ली कंबरेला लावायची माझी लायकी उरलेली नाही.

२२ नोव्हेंबर

हुसेनसाबला उद्याची जीप सांगितली. म्हणाला, "आज आवाज बरा वाटतोय भट्रेंचा." बरा आहेच. खूप दिवसांनी नीट जेवलो.

२३ नोव्हेंबर

तिसऱ्या बहिणीला नमस्कार झाला. देवळाच्या मागं, तळ्याच्या पायरीवर बसलो. मी तोंड उघडलं. "चैत्रा, त्या फुलाचं—"

"आधी मला बोलू द्या, अप्पय्या. फेरी झाली, आता सांगता येतं." तिनं माझा हात धरला. "मी बीदरला जायचं नाही, असंच ठरवलं होतं. तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ? देवीला एवढंच विचारलं, मी घरीच राहू ना? आपलं मनाला शांती म्हणून. ती हो म्हणणार याची खात्री होती. आणि डावं पडलं! राहू नकोस म्हणाली. त्या रात्री फार रडले. वाटलं, देवीच मला घराबाहेर काढतेय. पण या फेरीत सगळं डोळे भरून बघून घेतलं. आता पटलंय मला. मी जाते, अप्पय्या. माझ्या हिमतीवर मी कधीच गेले नसते."

मग म्हणाली, "तुम्ही काय सांगत होता फुलाचं?"

एक शब्द बोललो असतो तर पोर घरी राहिली असती. मला तेच तर हवं होतं!

म्हटलं, "काही नाही. फूल अगदी स्वच्छ पडलं, एवढंच सांगत होतो. जा तू."